मास्टर कुणाच्या कपाटात?

गाणी तयार होती. लिहून झाली होती, गाऊन-वाजवून झाली होती, ध्वनिमुद्रणही पुरं झालं होतं. 'मेट्रिक' या कॅनडातल्या रॉक बँडचा 'ग्रो अप अँड ब्लो अवे' हा अल्बम २००१च्या सुमाराला लोकांच्या हातात पडायला हवा होता. तो पडला जून २००७मध्ये. मधली सहा वर्षं ती गाणी कुठे होती? कपाटात. बँडचा करार 'रेस्टलेस रेकॉर्ड्स' या कंपनीशी होता. ती कंपनी 'रायकोडिस्क' नावाच्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि त्या उलाढालीत अल्बमची तारीख पुढे पुढे ढकलली गेली. बँडची गायिका एमिली हेन्स आणि वादक जेम्स शॉ यांनी ती गाणी केली तेव्हा दोघंही पंचविशीच्या आसपास होती. अल्बम निघाला तोवर त्यांचा बाज बदलला होता, बँडमध्ये आणखी दोघं कायमची आली होती आणि दुसरेच दोन अल्बम काढून बँडने नाव मिळवलं होतं. शेवटी 'लास्ट गँग' या टोरांटोच्या लेबलने हक्क विकत घेतले, तेव्हा कुठे ती गाणी सुटली.

'सुटली' हाच शब्द मला बरोबर वाटतो. सावकाराकडे गहाण पडलेला दागिना सुटतो, तशी.

या बँडची गोष्ट नेहमी पुढून सांगितली जाते. २००९ साली त्यांनी 'फँटसीज' हा अल्बम कुठल्याही मोठ्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच्या 'मेट्रिक म्युझिक इंटरनॅशनल' या नावाखाली काढला. तो सीमेच्या दोन्ही बाजूंना रेडिओवर वाजला, पोलारिस या कॅनडातल्या संगीत पुरस्काराच्या अंतिम यादीत गेला, आणि जुनो या तिथल्याच संगीत पुरस्कारांत २०१० साली वर्षातला सर्वोत्तम बँड आणि सर्वोत्तम अल्टरनेटिव्ह अल्बम हे दोन्ही मान त्यांना मिळाले. मग 'ट्वायलाइट' मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटाचं गाणं आलं, दिग्दर्शक डेव्हिड क्रोननबर्गच्या 'कॉस्मोपोलिस' चित्रपटासाठी संगीतकार हॉवर्ड शोअरबरोबर संगीत आलं. यातून सांगितला जाणारा निष्कर्ष ठरलेला असतो. इंटरनेट आलं, मध्यस्थ गेले, गुण असतील तर आता कुणाची गरज नाही.

मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो, आणि नुसता चुकीचा नाही, तर कलावंतांचं नुकसान करणारा वाटतो. मेट्रिक स्वतंत्र झाला तो एकटा होता म्हणून नव्हे. एक अल्बम गहाण पडला तरी दहा-अकरा वर्षं तग धरता यावा अशी व्यवस्था, म्हणजे रेडिओवर देशी गाण्यांचा कोटा आणि ध्वनिमुद्रण-दौऱ्यांना पैशाची मदत, त्याच्या देशाने आधीच्या चाळीस वर्षांत उभी केली होती. आज कॅनडात त्या व्यवस्थेचं पुढे काय करायचं यावर वाद पेटला आहे. स्पॉटिफाय, ॲपल, ॲमेझॉन यांच्याकडून तिच्यासाठी पैसे घ्यायचे की नाही, हा त्यातला कळीचा प्रश्न. माझं उत्तर स्पष्ट आहे. घ्यायचे. पण ते पैसे देताना गाण्याची मालकी गाणाऱ्याकडे राहील हे पाहायचं. ते पाहिलं नाही, तर सगळा खटाटोप दुसऱ्याच्या कपाटात जाऊन बसेल.

मालकी म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगायला हवं. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल हा एक. त्या शब्द-चालीचं जे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण होतं, तो दुसरा. धंद्यात या दुसऱ्याला 'मास्टर' म्हणतात. ज्याने स्टुडिओचे पैसे भरले, मास्टर त्याचं, हा जुना रिवाज. लेबल बँडला आगाऊ रक्कम देतं. ती बक्षिसी नसते, ती उचल असते. तमाशाच्या फडातला कलावंत हंगामाआधी फडमालकाकडून उचल घेतो आणि हंगामभर राबून ती फेडतो, तसंच इथेही. स्टुडिओ, व्हिडिओ, दौऱ्यासाठी दिलेला आधार, असं बरंच काही बँडच्या वाट्यातून वळतं होत राहतं, आणि बँडचा वाटा मुळातच लहान. हजारो प्रती विकल्या जाऊनही बँडच्या हातात दमडी पडत नाही, असं सर्रास होतं. आणि उचल फिटली तरी मास्टर कंपनीकडेच. कर्ज फिटलं, पण सातबारा सावकाराच्याच नावावर.

'स्वतंत्र लेबल' असेल तर हे टळतं, असं पुष्कळांना वाटतं. चांगली लेबलं असतात, हे मी नाकारत नाही. माँट्रियलच्या आर्केड फायर या बँडचा 'फ्यूनरल' हा अल्बम २००४ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या 'मर्ज' या लेबलने काढला. ते लेबल १९८९ साली दोन वादकांनीच सुरू केलेलं. त्याच आर्केड फायरला फेब्रुवारी २०११मध्ये ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा पुरस्कार मिळाला. म्हणजे चांगल्या लेबलचा हात धरून शिखर गाठता येतं. पण लेबल ही विकत घेता येणारी वस्तू आहे, हे विसरून चालत नाही. ज्या लास्ट गँगने मेट्रिकची गाणी सोडवली, त्या लास्ट गँगचंच पुढे काय झालं पाहा. २०१६ साली ते 'एंटरटेनमेंट वन' या कंपनीकडे गेलं. ती कंपनी २०१९ मध्ये 'हॅस्ब्रो'ने घेतली. हॅस्ब्रो म्हणजे मोनोपॉली आणि ट्रान्सफॉर्मर खेळणी बनवणारी कंपनी. २०२१ साली हॅस्ब्रोने संगीताचा भाग 'ब्लॅकस्टोन' या गुंतवणूक संस्थेला विकला. ते लेबल काढलं होतं वादकांच्या ओळखीतल्या एका वकिलाने. पाच वर्षांत ते त्याच्याकडून खेळण्यांच्या कारखान्याकडे आणि तिथून भांडवलाच्या पेढीकडे. यात कुणी वाईट वागलं असं नाही. धंद्याची रीतच ही. पण ज्याने आपल्या बापाच्या मरणावर गाणं लिहिलं असेल, त्याचं ध्वनिमुद्रण असं हातोहात फिरावं का, हा प्रश्न मला साधा वाटत नाही.

एमिली हेन्सची थोडी ओळख सांगतो, कारण ती पुढच्या मुद्द्याला लागणार आहे. तिचा जन्म १९७४ साली नवी दिल्लीत झाला. वडील पॉल हेन्स हे अमेरिकन कवी. जॅझच्या जगात नाव असलेले, कार्ला ब्लेच्या 'एस्कलेटर ओव्हर द हिल' या मोठ्या संगीतकृतीचे शब्द त्यांचे. मुलगी वाढली ओंटारिओतल्या फेनेलन फॉल्स या लहानशा गावात आणि शिकली टोरांटोजवळच्या एटोबिकोच्या कलाशाळेत. जेम्स शॉचा जन्म इंग्लंडचा, वाढ ओंटारिओतली, शिक्षण न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये ट्रम्पेटचं. बासवर जोशुआ विन्स्टेड आणि ड्रमवर जूल्स स्कॉट-की हे दोघे अमेरिकन. मग या बँडला कॅनेडियन म्हणायचं कशाच्या जोरावर?

कॅनडाने या प्रश्नाचं उत्तर एका चिन्हात दिलं आहे. तिथल्या सीडी आणि तबकड्यांच्या मागच्या बाजूला, बारकोडच्या आसपास, नखाएवढं एक वर्तुळ छापलेलं आढळतं. वर्तुळाचे चार चतकोर. प्रत्येकात इंग्रजीतलं एकेक अक्षर: संगीतासाठी 'एम', कलाकारासाठी 'ए', ध्वनिमुद्रण किंवा सादरीकरण देशात झालं यासाठी 'पी', शब्दांसाठी 'एल'. चारही मिळून 'मेपल', म्हणजे त्यांच्या झेंड्यावर ज्याचं पान आहे त्या झाडाचंच नाव कानाला लागतं. जो चतकोर कॅनेडियन, तो काळा. किमान दोन चतकोर काळे असले की साधारणपणे ते गाणं कॅनेडियन धरलं जातं. स्टॅन क्लीस नावाच्या माणसाने ही युक्ती काढली. रेडिओच्या निवेदकाला तबकडी उलटी करून एका नजरेत कळावं, की हे गाणं कोट्यात बसतं.

आणि कॅनेडियन कोण? नागरिक, कायम रहिवासी, किंवा नुसतं काम करण्याआधी सहा महिने कॅनडात राहत असलेला माणूस. जन्म कुठला, आडनाव काय, आई-बाप कुठले, हे कुणी विचारत नाही. दिल्लीत जन्मलेल्या अमेरिकन कवीच्या मुलीची गाणी म्हणून तिथे बिनदिक्कत आपली ठरतात. आर्केड फायरचा विन बटलर टेक्सासचा, रेजिन शासानचे आई-वडील हैतीहून जीव मुठीत धरून आलेले. त्यांचीही तशीच. सांस्कृतिक कोट्याचं नाव काढलं की परक्याला बाहेर ठेवण्याचीच भाषा ऐकायची आपल्याला सवय झाली आहे. इथे कोटा आहे आणि दारही उघडं आहे. इथे राहा, इथे काम कर, म्हणजे तू आमचाच. मला या व्यवस्थेतली ही गोष्ट फार मोलाची वाटते.

हा कोटा आला कुठून? कॅनडाची बहुसंख्य वस्ती अमेरिकेच्या सीमेलगतच्या पट्ट्यात राहते. भाषा एक, रेडिओच्या लहरींना सीमा नाही, आणि शेजारी दहापटीने मोठा. साठच्या दशकात तिथल्या रेडिओ केंद्रांवर अमेरिकन गाण्यांचंच राज्य होतं. नील यंग आणि जोनी मिचेल या गायकांना नाव कमवायला देश सोडून दक्षिणेला जावं लागलं. १९६८ साली प्रसारणाचं नियमन करणारा सीआरटीसी हा आयोग स्थापन झाला. पिएर ज्युनो हे त्याचे पहिले अध्यक्ष, आणि जुनो पुरस्काराचं नाव त्यांच्याचवरून आलेलं. आयोगाने जानेवारी १९७१पासून नियम केला: एएम केंद्रांनी वाजवलेल्या गाण्यांपैकी ३० टक्के कॅनेडियन हवीत. पुढे लोकप्रिय संगीतासाठी तो आकडा ३५ टक्क्यांवर गेला.

केंद्रांचा विरोध कडवा होता. पळवाटाही निघाल्या. कॅनेडियन गाणी पहाटे किंवा रात्री उशिरा, ऐकायला कुणी नसेल अशा वेळी कोंबायची. या वेळेला लोक 'बीव्हर अवर' म्हणू लागले, बीव्हर हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी. हे वाचताना मराठी माणसाला ओळखीचं काही आठवल्याशिवाय राहत नाही. एप्रिल २०१५मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवा, असं महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं, ते कशामुळे? चित्रपट लागायचे, पण कामावर जाणारा माणूस पाहूच शकणार नाही अशा वेळी. माल खपत नाही म्हणायचं, आणि दुकान उघडायचं ग्राहक झोपल्यावर.

पण कॅनडातला नियम टिकला, आणि हळूहळू त्याने एक गोष्ट घडवली जी पैशाने विकत घेता येत नाही: सवय. टोरांटोच्या 'द एज'सारख्या रॉक केंद्राला दर आठवड्याला ठरावीक प्रमाणात देशी रॉक लागतं म्हटल्यावर ते शोधणारी माणसं पगारावर ठेवावी लागतात. ती माणसं क्लबांत जातात. क्लबमालकाला कळतं की हा बँड रेडिओवर वाजतो, म्हणून तो शुक्रवारची रात्र देतो. ध्वनितंत्रज्ञाला काम मिळतं, तो गाव सोडत नाही. पुढचा बँड त्याच्याकडे शिकतो. २००० नंतरच्या टोरांटोत ब्रोकन सोशल सीन, स्टार्स, फाइस्ट, मेट्रिक ही सगळी मंडळी एकमेकांच्या बँडमध्ये ये-जा करत होती, एकमेकांच्या अल्बमवर गात होती. हेन्स आणि शॉ दोघंही ब्रोकन सोशल सीनमध्ये होते. अशी गर्दी आकाशातून पडत नाही. तिच्या मुळाशी तीस वर्षांची ओल होती.

दुसरा आधार पैशाचा. १९८२ साली काही खासगी रेडिओ कंपन्यांनी आणि संगीत-व्यवसायातल्या संघटनांनी मिळून 'फॅक्टर' ही संस्था काढली. फ्रेंच भाषेसाठी तशीच 'म्युझिकअ‍ॅक्शन'. रेडिओ केंद्रांकडून सक्तीने येणारा वाटा आणि केंद्र सरकारचं अनुदान, यांतून ध्वनिमुद्रण, प्रसिद्धी, दौरे यांना मदत होते. मदत मिळालेल्या अल्बमवर संस्थेचं चिन्ह छापलेलं असतं.

दौऱ्याची मदत का लागते, हे नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. टोरांटोहून पश्चिमेला पुढचं मोठं शहर विनिपेग. रस्त्याने दोन हजार किलोमीटरहून जास्त. म्हणजे मुंबईच्या बँडने पुढचा मोठा कार्यक्रम थेट कोलकात्याला करायचा, आणि मधे नागपूर नाही, रायपूर नाही. मधे आहे सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठाने जाणारा रस्ता. सडबरीपासून थंडर बेपर्यंतच हजार किलोमीटर. एका जुन्या व्हॅनमध्ये चार-पाच माणसं, मांडीवर गिटारच्या पेट्या, मागे ढोल आणि अँप्लिफायर. डिसेंबरात दुपारी पाचलाच अंधारून येतं, समोरून येणारा मालट्रक बर्फाची भिंत उडवत जातो, आणि हेडलाइटच्या झोतात केव्हा मूस उभा राहील याचा नेम नाही. तो घोड्याहून उंच प्राणी गाडीवर आला तर गाडीतली माणसं वाचतीलच असं नाही. एवढं करून थंडर बेला पोहोचायचं, साठ-सत्तर लोकांसमोर वाजवायचं आणि मिळालेल्या पैशात पेट्रोल भरायचं. या प्रवासात एक दिवस असा येतोच, की बँडमधला कुणीतरी म्हणतो, बस झालं. कंपनीचा माणूस करार घेऊन येतो तो बरोबर त्या दिवशी.

मला कोटा आणि अनुदान यांचं समर्थन करायचं आहे ते या दिवसासाठी. सरकारने प्रतिभा निर्माण करावी, असं माझं म्हणणं नाही. ते कुणालाच जमलेलं नाही. पण 'बस झालं' म्हणायचा दिवस दोन वर्षं पुढे ढकलता येतो. तेवढ्यात बँडला आपला आवाज सापडतो, आणि करार समोर आला तर 'नको' म्हणायची ताकद येते. मेट्रिकने 'फँटसीज'च्या वेळी मोठ्या कंपन्यांना 'नको' म्हटलं. तोवर त्यांच्यामागे दहा वर्षांचा अनुभव होता, एका अल्बमच्या बंदिवासाचा धडा होता, टोरांटोत शॉचा स्वतःचा स्टुडिओ होता आणि आपल्या गाण्यांची वाट पाहणारा श्रोता होता. त्यांनी व्यवस्थापक नेमला, प्रसिद्धी आणि वितरणासाठी देशोदेशी वेगवेगळी माणसं भाड्याने घेतली आणि मास्टर आपल्याकडे ठेवलं. पुढे चित्रपटांनी गाणी मागितली तेव्हा तो पैसा वरचा कुणी वळता करून घेणारा नव्हता.

या सगळ्यावर आक्षेप आहेत आणि ते फुटकळ नाहीत. सर्वांत गाजला तो ब्रायन अ‍ॅडम्सचा. १९९१चा त्याचा अल्बम जगभर तुफान चालला, पण गाणी त्याने 'मट' लँग या परदेशी निर्मात्याबरोबर लिहिली होती. चार चतकोरांचा हिशेब बसेना. व्हँकुव्हरचा हा गायक, देशातला त्या घडीचा सर्वांत मोठा तारा, आणि त्याचीच गाणी कागदोपत्री कॅनेडियन ठरली नाहीत. तो संतापला आणि असले नियम रद्दच करा, त्यातून सुमारपणाच पोसला जातो, असं म्हणाला. त्याचा राग रास्त होता. नियम हास्यास्पद ठरला होता. पण आयोगाने काय केलं? १९९३ साली नियम दुरुस्त केला, परदेशी माणसाबरोबर निम्म्या वाट्याने केलेलं काम धरायला सुरुवात केली. घराचं दार फुगून बसत नसेल तर रंधा मारायचा, घर मोडायचं नाही.

दुसरा आक्षेप असा, की 'द गेस हू' हा विनिपेगचा बँड १९७०च्या मे महिन्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, म्हणजे कोट्याच्या आधीच. मग कोटा कशाला? हे खरं आहे, आणि मी ते टाळणार नाही. असामान्य माणसं नियमाशिवायही वर येतात. नील यंगही आलाच. पण देशाचं संगीत दोन-चार असामान्यांवर चालत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या फळीवर चालतं, आणि पहिल्या फळीतली पुष्कळशी माणसं आयुष्याची काही वर्षं तिसऱ्या फळीतच असतात. मेट्रिक १९९८पासून पुढची काही वर्षं तिथेच होता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त छळतो, कारण तो खरा आहे. मदत ज्यांना आधीच बरं चाललंय त्यांच्याकडे झुकते. अर्ज नीट भरता येणं, आधीचे आकडे दाखवता येणं, पाठीशी कार्यालय असणं, याला किंमत येते. मदत लेबलांनाही मिळते. म्हणजे सार्वजनिक पैशातून झालेलं ध्वनिमुद्रण उद्या लेबल विकलं गेलं की तिसऱ्याच्याच मालमत्तेत जमा होऊ शकतं. लोकांच्या पैशाने खोदलेली विहीर, आणि पाणी विकणारा भलताच. म्हणून मी म्हणतो की नुसत्या मदतीने भागत नाही. सार्वजनिक पैसा लागला असेल, तिथे अट असली पाहिजे: ठरावीक वर्षांनी मास्टर कलाकाराकडे परत. आणि कंपनीने गाणी काढलीच नाहीत, कपाटात ठेवली, तर लगेच परत. मेट्रिकवर जी सहा वर्षं आली, ती अशी अट असलेल्या मदतीच्या करारात कुणावर येऊ शकली नसती.

आता मूळ वादाकडे. एप्रिल २०२३मध्ये कॅनडाने ऑनलाइन स्ट्रीमिंग कायदा मंजूर केला. जून २०२४मध्ये सीआरटीसीने आदेश काढला, की कॅनडात वर्षाला अडीच कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त उत्पन्न मिळवणाऱ्या आणि तिथल्या प्रसारण कंपन्यांशी संबंध नसलेल्या स्ट्रीमिंग सेवांनी त्यातले ५ टक्के देशी आशयासाठी द्यावेत. आयोगाच्या अंदाजाने वर्षाला साधारण २० कोटी डॉलर. कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि डिसेंबर २०२४मध्ये न्यायालयाने सुनावणी पूर्ण होईतो वसुली थांबवली. आम्ही कलावंतांना मानधन देतोच, जगभरचा श्रोता मिळवून देतो, आणखी कर कशाला, असं त्यांचं म्हणणं.

जगभरचा श्रोता मिळतो, हे खोटं नाही. सांगलीतल्या मुलीला आज मेट्रिक ऐकता येतो, ते याच सेवांमुळे. पण मध्यस्थ गेले, हे मात्र साफ खोटं. मध्यस्थ बदलले. २०२४पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही, त्याला ध्वनिमुद्रणाचं मानधनच मिळत नाही. त्यांची अशीही योजना आहे, की कमी मानधन घ्यायला तयार असाल तर तुमचं गाणं लोकांपुढे जास्त येईल. म्हणजे दुकानाच्या दर्शनी फळीवर जागा हवी तर भाव पाडा. रेडिओवर कोटा लावता येत होता, कारण गाणं निवेदक निवडायचा. इथे निवड श्रोता करतो असं भासतं, प्रत्यक्षात पुष्कळदा यंत्र करतं, आणि यंत्राला 'बीव्हर अवर'ही लागत नाही. ते गाणं चोवीस तास अंधारात ठेवू शकतं. तिथे कोटा लावणं अवघड, म्हणून निदान वाटा तरी घ्यायचा. टोरांटोतलं रेडिओ केंद्र इतकी वर्षं वाटा देत आलं आणि त्याचा धंदा खाऊन मोठी झालेली सेवा देणार नाही, यात न्याय कुठला?

आपल्याकडे कला आणि सरकार म्हटलं की अनुदान आठवतं ते चित्रपटाचं, आणि महोत्सव आठवतो मांडवाचा. गाण्याच्या मालकीचा प्रश्न एकदाच जोरात निघाला, २०१२ साली. त्या वर्षी कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला आणि चित्रपटातल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकारांना मानधनाचा असा वाटा मिळाला, जो निर्मात्याला किंवा कंपनीला लिहून देता येत नाही. मोठं पाऊल होतं ते. पण मास्टर त्यातून बाहेरच राहिलं. स्वतःच्याच गळ्यातून निघालेलं जुनं भावगीत स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर टाकावं आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचा हक्काचा दावा यावा, हे मराठी गायकांना अनोळखी नाही. नव्याने लिहिणारी-गाणारी जी मुलं आज पुण्या-नाशिकात घरातल्या खोलीत ध्वनिमुद्रण करतात, त्यांच्यासाठी मेट्रिकच्या गोष्टीतला उपयोगाचा भाग 'फँटसीज'चं यश हा नाही. उपयोगाचा भाग ती कपाटातली सहा वर्षं आहे. सही करण्याआधी विचारायचा प्रश्न त्यात आहे: मास्टर कुणाचं, किती वर्षांसाठी, आणि तुम्ही गाणं काढलंच नाही तर?

मेट्रिकने २०२२ आणि २०२३ साली 'फोर्मेंतेरा' हा अल्बम दोन भागांत काढला. नाव स्वतःच्याच कंपनीचं, वाजवणारे तेच चौघे, वीस वर्षांहून जास्त काळ एकत्र. पुढे २०२५ साली सीआरटीसीने कॅनेडियन संगीताच्या व्याख्येचा फेरविचार हाती घेतला, म्हणजे ते नखाएवढं वर्तुळ पुन्हा टेबलावर आलं. चाल कुणाची, गाणारा कुठला, वाजवलं कुठे, शब्द कुणाचे, हे चार प्रश्न त्यात १९७१पासून आहेत. माझी सूचना एवढीच, की मधोमध एक ठिपका ठेवा. मास्टर गाणाऱ्याकडे असेल तर तो काळा भरा. नसेल तर तसाच पांढरा सोडा, म्हणजे तबकडी उलटी करणाऱ्याला तेही एका नजरेत दिसेल.